किरणोत्सारी मातीभोवती जमिनीत सिमेंटची भिंत: जाडी, मिश्रण, तळ आणि पाण्याचा हिशोब

चौकोन२००

नमस्कार मंडळी,

सेमिनारसाठी एक कल्पित जागा घेतली आहे, तिच्यावर जाणकारांचे मत हवे आहे. २०० मीटर गुणिले २०० मीटरचा चौकोन. जुन्या टाक्यांमधले द्रावण गळून माती आणि भूजल दूषित झाले आहे. मुख्यतः स्ट्रॉन्शियम-९०, थोडे सिझियम-१३७ आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन, तो पाण्याच्या रेणूतच असतो). वरपासून वाळू, मध्ये मध्ये बारीक खडी. पाणी २ मीटरवर लागते आणि १६ मीटरवर ३ मीटर जाडीचा चिकणमातीचा थर आहे.

१) मेट्रोच्या स्टेशनांना घालतात तशी ८०० मिलिमीटरची आरसीसी डी-वॉल (खंदकात ओतलेली सळईच्या काँक्रीटची भिंत) चारही बाजूंनी घातली तर काम भागेल का? नसेल तर जाडी किती आणि मिश्रण कोणते?
२) चेर्नोबिलला अशी भिंत सुरू करून अर्ध्यावर सोडली असे वाचले. का सोडली?
३) खालून सिमेंटचा तळ घालता येतो का?

---

पाणपातळी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण उरलेल्या दोन्हींची निम्मी उत्तरे त्यातच आहेत.

चेर्नोबिलला १९८६ मध्ये जमिनीखाली दोन वेगळी कामे झाली आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक म्हणजे चौथ्या अणुभट्टीच्या खालचा काँक्रीटचा तळ. खाणकामगारांनी तिसऱ्या युनिटच्या बाजूने सुमारे १३६ मीटरचा बोगदा खणला आणि अणुभट्टीखाली साधारण ३० मीटर गुणिले ३० मीटरची पोकळी करून त्यात थंड पाण्याच्या नळ्या घातलेले काँक्रीट ओतले. वितळलेले इंधन वरच्या तळघरांतच गोठले, त्यामुळे त्या नळ्यांमधून पाणी फिरवायची वेळ आली नाही. दुसरे काम म्हणजे तुम्ही म्हणता ती भिंत. खाली मार्लचा, म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमातीचा थर सुमारे ३० मीटरवर आहे, त्यात रुतेल अशी भिंत सगळ्या परिसराभोवती घालायची होती. ठरलेला घेर सुमारे ८ किलोमीटर, त्यातली २ ते ३ किलोमीटर झाली आणि काम थांबवले. कारण साधे आहे. भूजलातून दूषण अपेक्षेपेक्षा फार हळू सरकत होते, आणि भिंत पुरी झाली असती तर आतली पाणीपातळी वर आली असती. आधी कोरड्या थरात पडून असलेली दूषित माती पाण्यात बुडाली असती. म्हणजे जे अडवायचे, तेच भिंतीने भिजवले असते.

तुमच्या जागेवर हाच हिशोब करून पाहा. क्षेत्रफळ ४०,००० चौरस मीटर. वर्षाला ३०० मिलिमीटर पाऊस जरी आत मुरला तरी १२,००० घनमीटर, म्हणजे दिवसाला ३३ घनमीटर. आता भिंतीतून किती झिरपते ते बघा. जाडी ०.६ मीटर, पारगम्यता (पाणी झिरपू देण्याचे माप) १०^-९ मीटर प्रतिसेकंद, आतबाहेरच्या पातळीत १ मीटर फरक. पाण्याखालचा भाग ८०० मीटर गुणिले १४ मीटर, म्हणजे ११,२०० चौरस मीटर. डार्सीच्या सूत्राने (पारगम्यता × क्षेत्रफळ × पातळीतला फरक ÷ जाडी) दिवसाला १.६ घनमीटर येते. भिंतीतून १.६ आणि आभाळातून ३३! वर आच्छादन घातले नाही तर हा बंद हौद आहे, काही काळात काठोकाठ भरेल. पाणी अडवणारे आच्छादन घालून मुरणे वर्षाला ५ मिलिमीटरवर आणले तर दिवसाला अर्धा घनमीटर उरतो, तेवढा उपसता येतो.

म्हणून क्रम असा: आधी आच्छादन आणि उपशाची सोय कागदावर पक्की करायची, मग भिंतीची जाडी ठरवायची. आतली पातळी बाहेरपेक्षा अर्धा ते एक मीटर खाली ठेवायची. मग भिंत थोडी गळकी निघाली तरी पाणी बाहेरून आत येते, आतले बाहेर जात नाही.

भिंतीचा माथा हा तितकाच महत्त्वाचा. २०१३ च्या उन्हाळ्यात फुकुशिमा दाइइचीला समुद्राकडच्या धक्क्यावर वॉटरग्लास, म्हणजे सोडियम सिलिकेट, जमिनीत भरून माती घट्ट केली. पण दाबाने भरायची ही पद्धत जमिनीच्या अगदी वरच्या भागात चालत नाही, रसायन पृष्ठभागावर फुटून येते. त्यामुळे वरचा १.८ मीटर थर तसाच राहिला. मागे पाणी अडले, पातळी चढली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला ती या घट्ट केलेल्या भागाच्या माथ्यापेक्षा वर गेल्याचे दिसले. अडवलेले पाणी वरून पलीकडे जायला मोकळे झाले होते. नंतर धक्क्याजवळ विहिरी घेऊन उपसा करावा लागला. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये समुद्राकडची ७८० मीटरची पोलादी पाइल-भिंत बंद झाली, तेव्हाही मागे पाणी चढले आणि धक्क्यालगतचा उपसा वाढवावा लागला. भिंत बंद करायच्या दिवशी पंप तयार हवेत, ते असे.

---

खंदक_६००

पहिल्या प्रश्नाचे उत्तर. आरसीसी डी-वॉल इथे घेऊ नका. मेट्रोच्या खड्ड्यात तिला मातीचा दाब पेलायचा असतो, म्हणून सळई आणि एम-३५, एम-४० काँक्रीट लागते. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना माती तशीच राहणार, भिंतीला भार काहीच नाही. उलट पॅनल पद्धतीत दर ५-६ मीटरवर उभा सांधा येतो. ८०० मीटरच्या घेरात १४०-१५० सांधे, आणि गळती सांध्यातच होते. शिवाय ताठ काँक्रीटला जमीन थोडी खचली की तडा जातो.

इथे हवी सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) यांच्या स्लरीची, म्हणजे पातळ गाळाची, सलग गाळभिंत. खणताना खंदक ज्या स्लरीने उभा राहतो तीच स्लरी आत राहून घट्ट होते. ट्रेमी (पाण्याखाली काँक्रीट ओतायची नळी) नाही, सळई नाही, पॅनलचा सांधा नाही. जाडी ६०० मिलिमीटर. खोली १७ मीटर, म्हणजे चिकणमातीत १ मीटर रुतलेली. लांब बूमचा बॅकहो १७ मीटरला पुरतो. २० च्या पुढे गेलात की ग्रॅब (दोरावर लटकणारा खणायचा जबडा) आणा.

एका घनमीटर स्लरीला सुरुवातीचे मिश्रण: सोडियम बेंटोनाइट ४५ किलो, साधे सिमेंट ३५ किलो, दळलेली स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) १०५ किलो, पाणी साधारण ९३५ लिटर. घनता १.१२ च्या आसपास येते. हे आकडे चाचणीचे मिश्रण सुरू करायला आहेत. जागेवरचे पाणी वापरून किमान चार-पाच मिश्रणे करून बघायची, कारण दूषित पाण्यातले क्षार बेंटोनाइटची फुगवण मारतात. आपल्याकडे कच्छचे बेंटोनाइट मिळते. पोत्यावर काही लिहिलेले असो, दर खेपेला फुगवण आणि पाणी सोडण्याची चाचणी घ्या.

स्लॅग तीन-चतुर्थांश का? नुसत्या सिमेंटची स्लरी १०^-८ च्या आसपास अडकते. स्लॅगमुळे ९० दिवसांत १०^-९ गाठता येते, सल्फेटचा मारा कमी बसतो, आणि मिश्रण सावकाश घट्ट होत असल्याने खणायला वेळ मिळतो. मात्र भिंत सुरुवातीला इतकी मऊ असते की आठवड्याने बघितले तर काम फसले असे वाटावे. २८ दिवसांनी १०० किलोपास्कल मिळाले तरी पुरे. अंगठा जोर लावून दाबला तर ठसा उमटेल एवढेच ते घट्ट असते, आणि तसेच हवे. जास्त ताकदीच्या मागे लागून सिमेंट वाढवलेत तर भिंत ठिसूळ होते.

मिसळण्याचा क्रम चुकवू नका. आधी बेंटोनाइट आणि पाणी, मग ते टाकीत २४ तास फुगू द्यायचे. सिमेंट आणि स्लॅग दुसऱ्या मिक्सरमध्ये, पंपाला लावण्याच्या अगदी आधी. क्रम उलटा केला तर सिमेंटमधले कॅल्शियम बेंटोनाइटला फुगूच देत नाही. स्लरी दिसायला दाट दिसते, पण रात्रीत पाणी सोडून बसते. एक लिटरच्या नळकांड्यात भरून ठेवा, २४ तासांनी वर २-३ टक्क्यांपेक्षा जास्त स्वच्छ पाणी दिसले तर ती बॅच खंदकात घालू नका. मार्श फनेलची वेळ (ठरावीक स्लरी नरसाळ्यातून गळायला लागणारा वेळ, म्हणजे दाटपणाचे माप) सिमेंटआधी ३५ ते ४० सेकंद, नंतर ४० ते ५०.

खंदकात स्लरीची पातळी गाइड वॉलच्या (खंदकाच्या काठाला आधार देणाऱ्या भिंतीच्या) माथ्यापासून अर्ध्या मीटरच्या आत राहिली पाहिजे. तुमचे पाणी २ मीटरवर आहे, म्हणजे दीड मीटरचा दाब मिळतो. खडीचा पट्टा लागला की स्लरी अचानक पळते, तेव्हा तयार स्लरी हाताशी नसेल तर बाजू ढासळते. किमान एका दिवसाच्या खपाएवढा साठा ठेवा.

आता सगळ्यात जास्त भिंती जिथे फसतात ती जागा: तळ. १६ मीटरवर चिकणमाती लागली हे बादली सांगते. वाळू बादलीतून ओघळून जाते. चिकणमाती दातांमध्ये गच्च बसते, कापलेल्या बाजूला गुळगुळीत चकाकी असते आणि झटकली तरी सुटत नाही. तो गोळा फोडून आतला रंग आणि पोत बोअरच्या नमुन्याशी ताडायचा, साखळी अंतर (भिंतीच्या रेषेवरचे अंतर) आणि खोली नोंदवायची. दर ३ मीटरला. पुढचा एक मीटर खणला की दोरीला वजन बांधून, ते खाली सोडून खोली मोजा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू करण्याआधी तिथेच परत मोजा. रात्रीत २०-३० सेंटिमीटर कमी भरले तर स्लरीत तरंगणारी वाळू खाली बसली आहे. ही वाळू चिकणमाती आणि भिंत यांच्यामध्ये अंथरल्यासारखी राहते आणि भिंतीखालून सलग पन्हळ तयार होते. म्हणून तळाशी, मध्यावर आणि वर अशा तीन खोल्यांवरून स्लरी काढून घनता बघायची. तळाला १.३ च्या वर गेली तर थांबा, तळ उपसा, ताजी स्लरी घाला.

रोजचा जोड: आदल्या दिवशीच्या अर्धवट घट्ट झालेल्या भागात १ मीटर मागे कापून सुरुवात करायची. दोन दिवस सुटी पडली तर दीड-दोन मीटर.

माथा एक-दोन दिवसांत १०-२० सेंटिमीटर बसतो. तो ताज्या स्लरीने भरा आणि ओला ठेवा. ही भिंत वाळली की तडकते, पाण्याच्या वरचा भाग तर हमखास. शेवटी वरचा अर्धा मीटर काढून तिथे दाबून बसवलेली चिकणमाती भरायची आणि आच्छादन त्यावरून पलीकडे न्यायचे.

मालाचा अंदाज: ८०० × १७ × ०.६ म्हणजे ८,१६० घनमीटर. वाया जाणारी आणि आजूबाजूला शिरणारी १५ टक्के धरून ९,४०० घनमीटर स्लरी. बेंटोनाइट सुमारे ४२० टन, सिमेंट ३३० टन, स्लॅग ९९० टन. खणलेली माती मोकळी होऊन १०,००० घनमीटरच्या घरात.

नमुने खंदकातूनच, ओली स्लरी काढून, १०० मिलिमीटर व्यासाच्या साच्यात, पाण्याखाली ठेवून. घट्ट झालेल्या भिंतीत कोअर (भोक पाडून काढलेला नमुना) घेऊ नका. कोअर काढताना तो तडकतो आणि खराब निकाल मिळतो, शिवाय भिंतीत भोक पडते ते वेगळेच.

---

बेकरेल

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. किरणोत्साराची बाजू जोडतो.

खंदक_६०० यांनी १०,००० घनमीटर माती बाहेर येईल म्हटले आहे. ती स्वच्छ निघणार की दूषित, यावर निम्मा खर्च ठरतो. भिंतीची रेषा दूषित भागाच्या कडेपासून ५ ते १० मीटर बाहेर आखा. घेर थोडा वाढेल, पण स्वच्छ माती बाजूला पसरता येते, दूषित माती मात्र ड्रममध्ये भरून सांभाळावी लागते. कड ठरवण्यासाठी भिंतीच्या रेषेवर दर ३० मीटरला बोअर घ्या आणि प्रत्येक मीटरचा नमुना तपासा. बोअर काम झाल्यावर ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) पूर्ण बुजवा, नाहीतर चिकणमातीला तुम्हीच भोक पाडून ठेवलेले असेल.

इथे एक नेहमीची चूक होते. हातातला गॅमा मीटर मातीवर फिरवला, काही वाजले नाही, माती स्वच्छ धरली. सिझियम-१३७ असेल तर गॅमा दिसेल. स्ट्रॉन्शियम-९० फक्त बीटा सोडते, आणि ओल्या मातीचा काही मिलिमीटरचा थर ते अडवायला पुरतो. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यायला हवा. तिथे स्ट्रॉन्शियम वेगळे काढून त्याच्यापासून तयार होणाऱ्या यिट्रियम-९० चा जोरकस बीटा मोजतात. ट्रिटियमसाठी मातीतले पाणी काढून लिक्विड सिंटिलेशन (खास द्रवात मिसळून उमटणाऱ्या प्रकाशाच्या चमका मोजणे). निकाल यायला दिवस लागतात, हे खणण्याच्या वेळापत्रकात धरा.

भिंत कोणासाठी किती काळ हवी तेही बघा. स्ट्रॉन्शियम-९० चे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षे, सिझियम-१३७ चे ३०. दहा अर्धायुष्यांत हजारावा भाग उरतो, म्हणजे ३०० वर्षे. ट्रिटियमचे १२.३ वर्षे. तुमच्या यादीत टेक्नेशियम-९९ (२ लाख ११ हजार वर्षे) किंवा प्लुटोनियम-२३९ (२४,१०० वर्षे) असते तर भिंत हा उपाय म्हणून नाही, फक्त उकरून काढेपर्यंतची सोय म्हणून बघायला सांगितले असते. गाळभिंतींचा अनुभव काही दशकांचा आहे. ३०० वर्षांची हमी कोणी देऊ नये, आणि देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दर पिढीला तपासणी आणि दुरुस्तीचा पैसा बाजूला काढलेला असेल तरच हा आराखडा प्रामाणिक आहे.

भिंतीतून पाणी जात नसले तरी विरघळलेले पदार्थ पसरत जातात. ट्रिटियम हे पाणीच आहे, ते कशालाही चिकटत नाही. पसरण्याचा गुणांक ३×१०^-१० चौरस मीटर प्रतिसेकंद धरला तर ०.६ मीटरचा विलंब जाडीचा वर्ग भागिले सहा गुणांक, म्हणजे सव्वासहा वर्षे येतो. म्हणजे ट्रिटियमच्या अर्धायुष्याच्या जेमतेम निम्मा. त्यामुळे ट्रिटियमच्या बाबतीत आतल्या बाजूची खालची पातळीच जास्त काम करते. स्ट्रॉन्शियम बेंटोनाइटला चिकटते, म्हणून त्याला कितीतरी पट वेळ लागतो. पण सिमेंटमधून सुटणारे कॅल्शियम त्याच जागांसाठी भांडते, तेव्हा शुद्ध बेंटोनाइटवर मोजलेले शोषणाचे आकडे इथे उचलून लावू नका. मिश्रण घट्ट झाल्यावर त्याचेच तुकडे घेऊन चाचणी करा. सिझियमला सिमेंट फारसे धरत नाही, चिकणमाती धरते. त्याच्यासाठी मूळ जमिनीतली चिकणमातीच मोठी राखणदार आहे.

आणि द्रावण आम्लयुक्त होते का ते विचारा. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुकेंद्रात एफ-क्षेत्राच्या झिरपा-तलावांमध्ये १९५५ ते १९८८ दरम्यान आम्लयुक्त सांडपाणी सोडले गेले, तिथल्या भूजलाचा सामू (पीएच) ३ ते ४ पर्यंत उतरला होता. अशा पाण्यात साधी सिमेंटची भिंत हळूहळू विरघळते. तिथे अखेर भिंतींनी पाणी ठरावीक फटींकडे वळवले आणि त्या फटींच्या ठिकाणी अल्कली सोडून सामू वर आणला, जेणेकरून स्ट्रॉन्शियम आणि युरेनियम मातीला चिकटून बसावेत.

यावरून एक पर्याय सुचवतो. सगळे बंद करण्याऐवजी प्रवाहाच्या खालच्या अंगाला पाणी जाऊ देणारी पण स्ट्रॉन्शियम धरणारी भिंत. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅलीला २०१० मध्ये क्लिनोप्टिलोलाइट या झिओलाइटची (विरघळलेले क्षार धरून ठेवणाऱ्या खनिजाची) सुमारे २६० मीटर लांब, ०.९ मीटर जाड, ६ ते ९ मीटर खोल भिंत घातली, ती स्ट्रॉन्शियम-९० साठीच. पाणी अडत नाही, म्हणून हौद भरण्याचा प्रश्नच येत नाही. पण ट्रिटियम त्यातून सरळ जाते, आणि पाण्यातले कॅल्शियम-पोटॅशियम झिओलाइटच्या जागा खात राहते.

---

चौकोन२००

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. आरसीसी रद्द केली. तळाबद्दल अजून विचारतो: चिकणमातीचा थर सलग नसेल, किंवा ४० मीटर खोल असेल तर जेट ग्राउटिंगने (भोकातून प्रचंड दाबाने सिमेंट सोडून जमिनीत खांब करण्याच्या पद्धतीने) सिमेंटचा तळ करता येईल ना? आणि आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये काय करतात?

---

नॉझल

करता येतो, पण त्यावर विसंबण्याआधी भूमिती कागदावर काढा.

१ मीटर व्यासाचे खांब ०.७ मीटर अंतरावर, २० मीटर खोलीवर. ड्रिलिंग १ टक्का वाकडे जाणे ही चांगल्या कामातलीही गोष्ट आहे. २० मीटरला २० सेंटिमीटर. शेजारचे दोन खांब विरुद्ध दिशांना गेले तर मधले अंतर १.१ मीटर होते आणि १० सेंटिमीटरची फट उरते. तळासाठी असे हजारो खांब लागतात. ०.७ मीटरच्या चौकटीत तुमच्या ४०,००० चौरस मीटरला ८०,००० च्या वर! एकाही जोडीत फट नाही असे म्हणणे शक्य नाही. त्यामुळे तळ फक्त लहान जागेखाली, एखादी टाकी किंवा खड्डा असेल तिथे, आणि तोही दोन्ही बाजूंनी तिरके खांब घालून व्ही-आकाराची पन्हळ करून. प्रत्येक भोकाची दिशा इन्क्लिनोमीटरने (कल मोजायच्या यंत्राने) मोजून, प्रत्यक्ष जागा नकाशावर मांडून, मग जादा खांब कुठे ते ठरवायचे.

आकडे: दाब ४०० बार, पाणी-सिमेंट गुणोत्तर १ असेल तर एका घनमीटर ग्राउटमध्ये ७६० किलो सिमेंट आणि घनता १.५२. वर खेचण्याचा वेग मिनिटाला २० ते ४० सेंटिमीटर. चिकणमातीची गाठ किंवा मोठा गोटा लागला की त्याच्या मागे सावली पडते, तेवढ्यात सिमेंट पोचत नाही.

आणि खांबाच्या निम्म्यापासून ते जवळजवळ त्याच्याएवढा गाळ भोकातून वर येतो. दूषित मातीत हा गाळ किरणोत्सारी. तो उडतो, शिंतडतो, वाळला की धूळ होते. भोकाच्या तोंडाला बंद पेटी, तिथून पाइपने बंद टाकीत, अशी सोय केल्याशिवाय सुरू करू नका.

अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्रात १९९० च्या दशकात असा सिमेंटचा तळ आणि त्याच्या आतून पॉलिमरचा पातळ थर असा जोड-अडथळा अदूषित जागेवर करून पाहिला गेला. तडे आणि फटी शोधायला आत परफ्लुओरोकार्बन वायू सोडून बाहेरच्या नळ्यांमधून हवा तपासण्याची पद्धतही याच काळात वापरात आली. पाण्याच्या वरच्या कोरड्या थरात ती फार चांगली चालते, पाण्याखाली नाही.

तळ नसला तर काय होते याचे उदाहरण मार्शल बेटांमधला रुनिटचा घुमट. १९५८ च्या कॅक्टस स्फोटाच्या खड्ड्यात १९७७ ते १९८० दरम्यान दूषित माती सिमेंटमध्ये कालवून भरली, पाण्याखालचा भाग ट्रेमीने, आणि वर ३५८ काँक्रीटच्या तुकड्यांचे ४५ सेंटिमीटर जाड झाकण घातले. खाली अस्तर नाही. प्रवाळाचा सच्छिद्र खडक, भरती-ओहोटीबरोबर आतले पाणी हलते. झाकणाच्या तड्यांचीच चर्चा होते, पण पाण्याची ये-जा तळातून आहे.

---

बेकरेल

नॉझल यांच्याशी बहुतेक सहमत, एका गोष्टीत नाही. लहान खड्ड्याखालीसुद्धा जेट ग्राउटिंग शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. ४०० बारने शिरणारे द्रव आधीच्या दूषित पाण्याला कुठेतरी ढकलते, आणि ते नेमके खालीच जाऊ शकते. खड्डा ५-६ मीटरचा असेल तर बंद तंबूखाली उकरून काढणे महाग वाटले तरी एकदाच करायचे काम आहे.

---

नॉझल

५-६ मीटरला मान्य. १५ मीटर खोल टाकीखाली उकरणे म्हणजे माणसांना जास्त डोस, तिथे माझे मत कायम आहे.

---

खंदक_६००

बेसॉल्टचे थोडक्यात. आपल्याकडे काळी माती, मुरूम, मग तडे गेलेला दगड. गाळभिंत मुरमापर्यंत आणि शक्य तर वरच्या सैल दगडात अर्धा-एक मीटर रुतवायची, त्यासाठी छिन्नी किंवा कटर लागतो. त्याखाली ग्राउटचा पडदा, धरणांखाली घालतात तसा. लुजॉन चाचणी (भोकात दाबाने पाणी सोडून दगडाची गळती मोजणे) घेत जायचे. चांगला पडदा १ ते ३ लुजॉनवर आणता येतो, पण १ लुजॉन म्हणजे सुमारे १०^-७ मीटर प्रतिसेकंद, गाळभिंतीच्या शंभरपट गळका. साध्या सिमेंटचा मोठा कण ८०-१०० मायक्रॉनचा असतो, म्हणून ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक भेगेत ते शिरत नाही. तिथे मायक्रोफाइन सिमेंट. बेसॉल्टमध्ये दोन लाव्हा-प्रवाहांमधली लाल बोलची (मातकट थराची) पट्टी नीट शोधा. कुठे ती पाणी अडवते, कुठे तिच्या वरच्या सांध्यातूनच पाणी वाहते.

---

पाणपातळी

भिंत झाल्यावर ती खरोखर बंद आहे हे कसे कळणार, हे अजून कोणी लिहिले नाही.

आधी फटीचे गणित. वाळूची पारगम्यता १०^-४ धरा. भिंतीत फक्त ०.१ चौरस मीटरची, म्हणजे साधारण फूटभर लांबीरुंदीची, वाळूने भरलेली खिडकी राहिली तर तिच्यातून दिवसाला जवळजवळ १ घनमीटर जाते. संपूर्ण ११,२०० चौरस मीटर भिंतीतून १.६. म्हणून प्रयोगशाळेत १०^-९ आले यावर समाधान मानू नका. तो साच्यातल्या नमुन्याचा आकडा आहे.

तळही मोजा. चिकणमाती १०^-१० ची असेल तर ३ मीटर जाडीतून १ मीटर फरकाला दिवसाला ०.१ घनमीटर, नगण्य. १०^-९ ची असेल तर १.१ घनमीटर, भिंतीच्या तोडीचा. तळाचे क्षेत्रफळ भिंतीच्या साडेतीनपट आहे हे विसरायला होते. बोअरमधून चिकणमातीचे अखंड नमुने काढून त्यांचीही चाचणी हवी.

उपसा चाचणीत आतली पातळी १ मीटर खाली आणायची तर, मोकळे होणारे पाणी २० टक्के धरून, ८,००० घनमीटर उपसावे लागतील. हे दूषित पाणी आहे. झिओलाइटच्या स्तंभांतून स्ट्रॉन्शियम आणि सिझियम निघेल, ट्रिटियम तसेच राहील, म्हणून ते ठेवायची जागा आधी बघा. पंप बंद केल्यावर १.६ घनमीटरने पातळी दिवसाला ०.२ मिलिमीटर चढते. दहा दिवसांत २ मिलिमीटर, त्यातून काहीच कळत नाही. दोन महिने थांबा, आच्छादन घातल्यावर आणि कोरड्या ऋतूत. नळीने हवेशी न जोडलेला दाब-सेन्सर लावला असेल तर हवेचा दाब १० मिलिबारने बदलला की १० सेंटिमीटर पाणी चढल्यासारखे दिसते, तेव्हा जागेवर बॅरोमीटर ठेवून वजावट करा किंवा व्हेंटचा सेन्सर वापरा.

त्याशिवाय भिंतीच्या आतबाहेर जोडीने पिझोमीटर (भूजलाची पातळी मोजायच्या नळ्या), दर ५० मीटरला एक जोडी, म्हणजे १६ जोड्या. प्रत्येक जागी दोन खोल्यांवर जाळी: एक मधल्या वाळूत, एक चिकणमातीच्या लगेच वर, कारण खिडकी बहुधा तिथेच असते. एखाद्या जोडीत बाहेरची पातळी शेजारच्या जोड्यांपेक्षा आतल्या पातळीच्या जवळ आली तर त्या पट्ट्याची खोदाईची नोंद काढा आणि त्या दिवशी सकाळी वजन सोडून मोजलेली खोली बघा.